धुवायला काढलेला रोल

थांबाकाकांनी त्या दिवशी सकाळीच जाहीर करून टाकलं, "आज कुणीही मोबाइल काढायचा नाही. फोटो मी काढणार! रोलवर!"

त्यांचं हे नाव गल्लीतल्या पोरांनी ठेवलेलं. कॅमेरा डोळ्याला लावला की त्यांच्या तोंडून एकच शब्द निघायचा, "थांबा!" मग एक पाऊल मागे. "थांबा!" मग मान तिरकी. "थांबा, थांबा!" समोरच्या माणसाचं हसू विझून जायचं, पापण्या जड व्हायच्या, लहान मुलं तर थोडी मोठीसुद्धा व्हायची असं त्यांची बायको म्हणे. पण शेवटी जेव्हा ते बटण दाबत, तेव्हा समोरचा माणूस कंटाळून का होईना, खराखुरा स्वतःसारखा दिसायला लागलेला असे. थांबाकाकांचं सगळं शास्त्र एवढंच होतं.

बायको म्हणाली, "अहो, पण मी आपला एक काढून ठेवते ना मोबाइलवर. असू दे जवळ."

"खाली ठेव तो!" थांबाकाका गरजले. "मोबाइलवर फोटो निघतात, माणसं नाही निघत. शंभर काढायचे नि एकही बघायचा नाही. रोलवर काढलं की तो धुऊन होईपर्यंत काय आलंय ते कळत नाही. तोवर तो माणूस आपल्या डोक्यात राहतो. कळलं?"

बायकोला कळलं होतं. लग्नापासून ती हे ऐकत होती. तिने मोबाइल खाली ठेवला.

त्या दिवसाचं महत्त्वही तसंच होतं. मावशी घरी येणार होती. मावशी म्हणजे थांबाकाकांच्या आईची थोरली बहीण. आता थकल्यामुळे ती कायमची मुलीकडे राहायला निघाली होती, लांबच्या शहरात. आणि या दोघी बहिणींचा एकत्र असा एकही फोटो घरात नव्हता. कारण सरळ होतं. दोघी कित्येक वर्षं एकमेकींशी बोलतच नव्हत्या!

भांडण झालं होतं एका स्वेटरवरून. मावशीने सबंध हिवाळा खपून स्वतःसाठी एक लोकरीचा स्वेटर विणला होता. तो आईने एका दिवसापुरता घालायला नेला आणि परत देताना चांगला धुऊन द्यावा म्हणून उकळत्या पाण्यात घातला. बाहेर आला तो एवढासा! मावशी काहीतरी बोलली, आईने त्यावर आणखी काहीतरी ऐकवलं, आणि संपलं. तो आटलेला स्वेटर पुढे लहानग्या थांबाकाकांना अगदी अंगाबरोबर बसला. शाळेतल्या सगळ्या फोटोंत तोच आहे.

मावशी जाणार हे कळल्यावर आईनेच फोन केला होता. दोघी जपून बोलायला लागल्या होत्या. त्या दुपारी घरातला प्रत्येक जण लोकर, सुया, थंडी असले शब्द टाळून बोलत होता. दोघी खिडकीपाशी शेजारी शेजारी बसल्या, बँकेत नंबर यायची वाट बघत बसावं तशा. मध्ये हातभर जागा.

"थांबा," थांबाकाका म्हणाले. एक पाऊल मागे. "थांबा हं... थांबा..."

"अरे, अजून किती थांबू?" मावशी म्हणाली. "थांबून थांबून म्हातारी झाले की मी!"

आई फस्सकन हसली. मग मावशीही. मधली हातभर जागा कुठे गेली कळलं नाही. खट्! थांबाकाकांनी कॅमेरा खाली घेतला तेव्हा त्यांचा चेहरा असा झाला होता की बायकोने पटकन पाण्याचा ग्लास पुढे केला.

आता राहिला रोल धुवायचा. ते काम थांबाकाका बाथरूममध्ये करत. उजेडाची तिरीप लागली तरी रोलवरचं सगळं पुसलं जाणार, म्हणून दिवा बंद, दाराच्या फटीत टॉवेल कोंबलेला, आतून फक्त पाण्याचा आवाज. बाहेर घरातली माणसं खांद्यावर कपडे टाकून ताटकळत. मग केव्हातरी काका ओली पट्टी घेऊन विजयी मुद्रेने बाहेर येत आणि ती दोरीवर चिमटे लावून वाळत घालत. बायकोचं आणि त्यांचं लग्नानंतर जे काही वाजलं, ते बहुतेक या बाथरूमवरूनच.

दुसऱ्या दिवशी सकाळीही वाजलं. बायको म्हणाली, "संध्याकाळी मी दमून येते, मला अंघोळ करायची असते. आज बाथरूम मिळणार नाही."

"अगं, रोल धुवायला काढून ठेवलाय मी!"

"असू दे. उद्या धुवा."

दोघं दोन दिशांना आपापल्या कचेरीत निघून गेली. घरात राहिली आई. आणि धुवायला काढून ठेवलेला रोल.

आता आईची बाजूही समजून घेतली पाहिजे. या घरात धुवायला काढून ठेवलेली वस्तू संध्याकाळपर्यंत तशीच पडलीय असं आजवर कधी घडलं नव्हतं. त्यात मुलाचं आणि सुनेचं वाजतंय. फोटो ताईचा. आपण हात लावला तर सगळ्यांचंच भलं होईल! तिने पदर खोचला.

संध्याकाळी थांबाकाका घरी आले ते थेट गच्चीवर गेले. कारण आई खालूनच म्हणाली होती, "वर जाऊन बघ, तुझं काम हलकं केलंय."

दोरीवर दोन उशांचे अभ्रे होते, एक चादर होती, आणि चादरीच्या शेजारी, चार चिमट्यांत, उन्हात लखलखत, तो रोल होता. फिकट, दुधाळ, जांभळट. वाऱ्यावर डुलत होता.

थांबाकाका गच्चीच्या कठड्यावर बसले.

आई मागोमाग जिना चढून आली. "बाटलीच्या ओपनरने उघडला डबा, तू उघडतोस तसाच. मग साबण लावला. अंगाचा हं! कपड्यांचा नाही, तेवढं कळतं मला. तीन पाण्यांतून काढला. तू आपला अंधारात धुतोस, म्हणून मी म्हटलं, अंधारात डाग कसे दिसणार? चांगला उजेडात घेतला. निघालाय की नाही स्वच्छ?"

"निघालाय," थांबाकाका म्हणाले.

खरंच निघाला होता. मावशी निघाली होती, आई निघाली होती, खिडकी निघाली होती. काही म्हणजे काही शिल्लक नव्हतं.

त्यांना ओरडायचं होतं. पण आईच्या हातांची बोटं पाण्याने सुरकुतली होती आणि ती पदराने ती पुसत होती, कौतुकाची वाट बघत. थांबाकाका म्हणाले, "छान धुतलास गं."

"मग फोटो कधी मिळेल? ताईला जायच्या आधी माझ्या हाताने द्यायचाय मला. एवढ्या वर्षांत मी तिला काही दिलेलं नाही रे. जे घेतलं होतं तेही धड परत केलं नाही."

आता काय बोलणार! "आई, ते... काल उजेड जरा कमी पडला. पुन्हा काढायला लागेल."

आईचा चेहरा उतरला. "म्हणजे मी नीट नाही धुतला. पुन्हा एक हात मारू का?"

"नको!" काका एवढ्या जोरात ओरडले की समोरच्या गच्चीवरची बाई आत गेली. "आई, तू कशालाही हात लावू नकोस. फ्रिजमध्ये माझे नवे रोल आहेत, त्यातला एक घेतो नि आपण उद्या मावशीकडे जाऊ."

आई चादरीची नसलेली सुरकुती सरळ करायला लागली. हे लक्षण थांबाकाकांच्या ओळखीचं होतं.

"फ्रिजमधले?" आई म्हणाली. "म्हटलं, एकीकडे पाणी काढलंच आहे तर... किती दिवस पडलेत, वास लागायचा. ते आतल्या दोरीवर आहेत. एकच राहिला. साबण संपला."

दुसऱ्या दिवशी तो एकुलता एक रोल कॅमेऱ्यात घालून थांबाकाका आईला घेऊन निघाले. दारात बायकोने आपला मोबाइल पुढे केला. काकांनी तो घेतला नाही. एवढं होऊनही तेवढी मस्ती शिल्लक होती.

मावशीचं घर बांधाबांधीने भरलं होतं. खोक्यांमधून वाट काढत दोघींना खिडकीपाशी बसवलं. पण परवाचा फोटो आज पुन्हा काढता येतो का? दोघी ताठ. मध्ये पुन्हा हातभर जागा. थांबाकाका "थांबा" म्हणाले.

"कालपरवा तर काढलास," मावशी म्हणाली. "त्याचं काय झालं?"

"उजेड..." काकांनी सुरुवात केली.

"उजेड नाही," आई मध्येच बोलली. रात्रभर तिच्या मनात काहीतरी घोळत असावं. "हा मला सांगत नाही, पण माझ्यामुळेच बिघडलंय काहीतरी. रोल मी धुतला, ताई."

"धुतलास? कशात?"

"साबणाच्या पाण्यात."

"गरम की गार?"

"गरम," आई म्हणाली. आणि मग तिलाच ऐकू आलं आपण काय बोललो ते.

घरातल्या सगळ्यांनी इतके दिवस चुकवलेला तो स्वेटर एका शब्दाबरोबर येऊन दोघींच्या मधोमध बसला. थांबाकाकांना वाटलं, संपलं. आता एक फोटो गेला तो गेला, आईची बहीणही जाणार. आणि हे सगळं कशामुळे? आपण ऐटीत मोबाइल खाली ठेवायला लावला म्हणून. एक साधा फोटो बायकोला काढू दिला असता तर काय बिघडलं असतं?

मावशीने आईकडे पाहिलं.

"छबे," ती म्हणाली, "आटला का गं तोही?"

आईने नाही म्हणून मान हलवली, पण ती पुरती हलण्याआधीच तिला हसू फुटलं. मावशी तर आधीच सुटली होती. "मेले, धुतलंस की संपलं! तुझ्या हाती एक वस्तू टिकेल तर शपथ!" दोघी हसता हसता एकमेकींवर कोसळल्या. आईच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, मग ते हसण्याचं राहिलं नाही. "चुकलं गं माझं, ताई," असं काहीतरी ती म्हणत होती आणि मावशी तिच्या पाठीवर थापट्या मारत म्हणत होती, "जाऊ दे गं. तसाही मला तो काखेत घट्टच होता."

थांबाकाकांनी कॅमेरा डोळ्याला लावला. आणि आयुष्यात पहिल्यांदा ते "थांबा" म्हणाले नाहीत. खट्!

तो रोल त्यांनी घरी पोचल्यावर त्याच संध्याकाळी धुतला. बायकोने अंघोळ न करता बाथरूम सोडलं. आईला बाहेर खुर्चीवर बसवून ठेवलं होतं आणि तिच्यावर लक्ष ठेवायला बायकोही शेजारी बसली होती.

फोटो मावशी निघून गेल्यावर दोन दिवसांनी छापून आला. आईने तो उलटासुलटा करून बघितला. "यात आमची तोंडं कुठायत?"

तोंडं नव्हतीच. मावशीचं तोंड आईच्या खांद्यात, आईचं मावशीच्या मानेत. दिसत होते ते दोन पांढरे अंबाडे आणि पाठीवर पसरलेला एक हात. तो कुणाचा, हेही सांगता येत नव्हतं. थांबाकाकांना तो त्यांनी काढलेला सगळ्यात चांगला फोटो वाटला. पण हे कुणाला सांगायची त्यांची छाती झाली नाही. त्यांनी तो तसाच पोस्टाने मावशीला पाठवून दिला.

तिकडून फोन आला. सगळ्यांना ऐकता यावं म्हणून आईने स्पीकर लावला.

"फोटो मिळाला," मावशी म्हणाली. तिचा आवाज जरा ओला होता. मग तिने घसा साफ केला. "अगदीच वाईट आलाय. एकीचंही तोंड नाही! पुन्हा काढायला लागेल. थंडी पडली की येते मी."

"ये ना, ताई!" आईचं तोंड उजळलं.

"येते. आणि तुझ्या मुलाला सांग, या वेळी रोल माझ्याकडे द्यायचा. मी धुवीन. गार पाण्यात!"