अर्ध्या दिवसाचे सीनियर

बार्शीटाकळीच्या आमच्या शाळेत चहा आला, की गावंडे सर माझा कप हाताने अडवतात. आधी त्यांनी घोट घ्यायचा, मग मी. सव्वीस वर्षांपूर्वी आम्ही एकाच दिवशी रुजू झालो. त्यांच्या रुजू अहवालात 'मध्यान्हपूर्व' लिहिलंय. माझी अमरावतीची एसटी मूर्तिजापूरला बंद पडली, म्हणून माझ्या अहवालात 'मध्यान्होत्तर'. "रेकॉर्ड बोलते मॅडम, मी नाही," म्हणत ते पंख्याखालच्या खुर्चीत बसतात.

सर इंग्रजी शिकवतात. नवा शिक्षक आला रे आला, की त्याला धरून सांगणार: सीनियर हा शब्द लॅटिनमधला, मूळ अर्थ 'जास्त म्हातारा'. आपण 'सर' म्हणतो तोही त्यातूनच झिजत आलेला. मग वकील सीनियर, कॉलेज सीनियर, एसटीत सवलतीचं तिकीट काढणारे आजोबाही सीनियर. ऐकणाऱ्याची डब्यातली भाकरी वाळून कडक होते, पण तो ज्युनियर, उठणार कसा? एकदा शिपायाने मस्टरवर माझी सही आधी घेतली, तर या बहाद्दराने दोन दिवस सहीच केली नाही. दोन रजा गेल्या. डोक्याला नुसता ताप.

यंदा मुख्याध्यापक निवृत्त होणार आणि खुर्ची सीनियरला मिळणार, म्हणून सरांनी नवा सफारी शिवला. मी नियम वाचायला घेतला, तर भलतंच निघालं. रुजू तारीख एकच असेल तर वयाने मोठा तो सीनियर. सकाळ-दुपार कोणी विचारत नाही. मी सरांपेक्षा अकरा महिन्यांनी मोठी. लगेच अर्ज लिहून पर्समध्ये टाकला. खोटं कशाला बोलू, सव्वीस वर्षं मागून चहा प्यालेल्या बाईचा राग होता तो.

त्याच आठवड्यात सरांच्या पुतणीच्या साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, मी हिवरखेडला गेले. चार थोरले भाऊ, सर सगळ्यांत धाकटे. छप्पन्न वर्षांच्या माणसाला घरभर 'बारक्या' म्हणत होते. बारक्या, पाणी वाढ. बारक्या, चपला आत घे. सोयरे जेवले, भाऊ जेवले. शेवटी सर एकटेच कोपऱ्यात उरलेल्या वरणात रोडगा चुरत बसले. मला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

थोरल्या भावाने पान चघळत मला विचारलं, "मॅडम, आमचा बारक्या शायेत तुमच्यावरचा हाय म्हन्ते. खरंच हाय काय?"

सरांचा हात ताटात थांबला.

"हो," मी म्हटलं. "आता मुख्याध्यापक होतील."

सर मला फाट्यापर्यंत सोडायला आले. बस दिसली तेव्हा म्हणाले, "वयाचा नियम मले पयल्यापासून माईत आहे, मॅडम. रोज वाटे, आज तुमी काढसान."

मी विचारलं, मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?

"बोललो असतो तं दोन्हीकडं बारक्याच राह्यलो असतो."

बसमध्ये मला रडू आलं. अकोला यायच्या आत अर्ज फाडला. राग मात्र अजून गेलेला नाही.