मदने सरांचा गॅसचा नाच

मदने सरांना कुणी नमस्कार केला, की ते उलट नमस्कार करायच्या आधी विचारतात, "घरी शेणाचा हौद आहे का?" हो म्हणालात, तर चपला काढून नाचायला लागतात.

मी गंमत करत नाही. बारामतीच्या आमच्या कॉलेजात ते रसायनशास्त्र शिकवतात आणि मी मराठी. गोठ्यातलं शेणमूत साठवायच्या हौदात जो विषारी वायू धरतो, त्याच्यावर त्यांची पीएच.डी. आहे. प्रबंध उशाला घ्यावा एवढा जाड. कुणी बघायला मागितला की सर म्हणतात, "वाचून काय कळतंय? वाचायचं असेल तर नाच बघा!" या वाक्यावर मी दरवर्षी वर्गात श्लेष शिकवतो.

सर मूळचे कळंबचे, धनगराच्या घरातले. गजीनृत्याचा ठेका लहानपणापासून अंगात. पण आता पन्नाशी उलटलेली, पोट सुटलेलं, शर्ट इन केलेला, खिशाला दोन पेनं. या थाटात ते रुमाल उडवत गोल धरतात. पहिल्या फेरीत नाक मुरडतात, म्हणजे कुजक्या अंड्याचा वास आला. पुढच्या फेरीत चेहरा एकदम प्रसन्न. "हितं माणूस फसतो! वास गेला म्हंजी गॅस गेला न्हाय, नाक मेलं!" आणि धाडकन आडवे. लगेच उठून ते दुसरा माणूस होतात, पहिल्याला काढायला धावतात, परत आडवे. मग तिसरा. शेवटचा माणूस मात्र काठावर पाय रोवतो, हात पसरून सगळ्यांना अडवतो आणि ओरडतो, "धरा! एकाला बी उतरू देऊ नका! फायरब्रिगेडला फोन लावा!"

या नाचानं सरांचं हसं व्हायचं ते झालं. कॉलेज तपासायला समिती आली होती. तिच्या अध्यक्षांनी विचारलं, "आपल्या संशोधनाचा समाजाला काय उपयोग?" सरांनी बूट काढले. प्राचार्यांनी डोळे मिटून घेतले. कोऱ्हाळ्याला एका हळदीत तर सरांनी डीजे बंद करून नवऱ्या मुलालाच हौदात पाडला, म्हणजे नाचातल्या. मुलीचा मामा माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "पाव्हणं पिऊन आल्यात का?" मी म्हटलं, "नाही हो, शुद्धीत आहेत." त्याला ते जास्तच वाईट वाटलं.

माळेगावात शेतकऱ्यांच्या बैठकीला गेलो, तेव्हा सर आडवे पडले की पोरंटोरं ‘वन्स मोअर’ करायची. सर कपडे झटकून परत पडायचे. परतताना मी म्हटलं, "सर, लोक हसायला येतात."

"हसू द्या की, मराठीवाले. हसलेलं ध्यानात राहतं."

ते ध्यानात राहिलं.

माळेगावच्या पुढं एका वस्तीवर सोमनाथ नावाचा तरणा शेतकरी हौदातला अडकलेला पंप काढायला उतरला आणि खालीच कोसळला. धाकटा भाऊ रामदास शिडीकडं धावला. तेवढ्यात त्याचा चुलता ओरडला, "धरा त्याला! सरांनी सांगितलंय!" चौघांनी रामदासला मातीत दाबून धरला. तो चावला, त्यानं शिव्या दिल्या, दादा दादा म्हणून टाहो फोडला. कुणी सोडलं नाही. फायरब्रिगेडची मास्क लावलेली माणसं आली, तोवर सोमनाथ संपला होता.

एरवी अशा हौदातून एकामागून एक प्रेतं निघतात. या वेळी एकच निघालं. कॉलेजात कुणीतरी सरांना म्हणालं, "तुमच्यामुळं बाकीचे वाचले." सर उठले. मला घेऊन थेट मातीला गेले.

तिथं सोमनाथच्या आईनं त्यांना ओळखलं. ती उठून समोर आली. "तुमीच न्हवं का ते नाचणारं सर?"

"व्हय."

"तुमच्या नाचापायी माझ्या लेकाला कुणी हात दिला न्हाय. चार गडी काठावर हुतं. चौघं बी बघत ऱ्हायलं." तिनं सरांच्या शर्टाला धरलं. "आता नाचा की. नाचा हितं!"

सर मान खाली घालून उभे राहिले. बायकांनी तिला बाजूला नेलं.

त्यानंतर सरांनी नाच बंद केला. कुणी नमस्कार केला की नुसता नमस्कार करायचे. आमच्या स्टाफरूममध्ये इतकी शांतता झाली, की ज्यांनी जन्मभर त्यांची टिंगल केली, तेही म्हणू लागले, "सर, एकदा होऊन जाऊ द्या." सर पेपर तपासत राहायचे.

तेरावं झालं आणि एका सकाळी ते म्हणाले, "मराठीवाले, गाडी काढा."

रामदास गोठ्याच्या कडेला बसला होता. हौदावर पत्रे टाकलेले. त्यानं सरांकडं पाहिलं नाही. सर त्याच्या शेजारी खाली बसले. म्हशी रवंथ करत होत्या.

"मला सोडायला पायजे हुतं," रामदास म्हणाला. "चुलत्याचं त्वांड बघावं वाटंना मला."

"मला बी धरलं हुतं," सर म्हणाले.

इतक्या वर्षांत हे मला माहीत नव्हतं.

"माझा थोरला. कळंबला, आमच्याच रानात. हौदात कालवड पडलेली. मी एम.एस्सी.ला हुतो, सुट्टीला आल्तो. मी वरनं वरडलो, हायड्रोजन सल्फाइड हाय, उतरू नको! तर त्यो हसला. म्हणला, ‘मराठीत सांग की येड्या.’ आन् उतरला." सरांनी तळहातानं गुडघा चोळला. "मी सोपा शब्द हुडकत हुतो, तवर त्यो पडला हुता. मी शिडीवर पाय ठिवला, तर आबांनी मला वढून पाडलं आन् छातीवर बसलं. एक ल्योक खाली, आन् दुसऱ्याच्या छातीवर बाप बसलेला. आबा जाईस्तवर मी त्यांच्याशी धड बोललो न्हाय. तू तसं करू नगो."

रामदास रडला नाही. मातीत बोटानं रेघा ओढत राहिला. मग हळूच म्हणाला, "सर, दादाला तरास झाला आसंल का?"

"न्हाय," सर म्हणाले. "एका श्वासात शुद्ध जाती. कळत बी न्हाय."

मागं काहीतरी वाजलं म्हणून वळून पाहिलं. सोमनाथची आई दाराच्या चौकटीला धरून उभी होती. कधी आली होती कोण जाणे.

"परत सांगा," ती म्हणाली.

सर उठून तिच्यासमोर गेले. "एका श्वासात शुद्ध जाती, आक्का. कळत न्हाय."

तिनं पदर तोंडाला लावला आणि आत गेली. चहा विचारला नाही, या म्हणाली नाही. आम्ही निघालो.

कालव्याच्या पुलावर सरांनी गाडी थांबवायला लावली. खाली उतरून कठड्याला टेकून उभे राहिले. मी विचारू नये ते विचारलं. "सर, खरंच कळत नाही?"

"त्याच्यासाठीच तर पीएच.डी. केली," ते म्हणाले. "गॅस जास्त असंल तर न्हाय कळत. कमी असंल तर कळतं. बराच वेळ कळतं."

ते पाण्याकडं बघत राहिले.

"आमच्या हौदात तवा किती हुता, ते आता कुणी मोजायचं?"