शून्याचं माहेर आणि टिटवीची अंडी

तर मुलांनो, एका जंगलात पाणी कमी होतं आणि समित्या भरपूर होत्या.

त्या जंगलाचा राजा सिंह एकदा शेजारच्या जंगलात पाहुणा म्हणून गेला. तिथे चौकात काहीतरी चकचकीत उभं होतं. काय होतं, ते शेजारच्या सिंहालाही सांगता आलं नाही. आपला सिंह परत आला. जेवणात लक्ष नाही. शेवटी म्हणाला, "आपल्याकडे का नाही?"

मग एका वानराला बोलावणं गेलं. हे वानर शहरातल्या प्राणिसंग्रहालयात राहून आलेलं, शिल्पकार होतं. त्याच्या अंगभर केस होतेच, तरी डोक्यावरचे त्याने मुद्दाम वाढवले होते.

त्याने पाणवठ्याच्या काठावर स्टेनलेस स्टीलचं शिल्प उभं केलं. हत्तीएवढं. एका बाजूने फुगलेलं, दुसऱ्या बाजूने खोलगट, वर जरासं मुरगळलेलं. नाव ठेवलं, 'शून्याचं माहेर'.

"माळ्यावरून पडलेलं पातेलं दिसतंय," अस्वल म्हणालं.

"कुणाच्या रुखवतातलं ते? खाली नाव घातलंय का बघा," साळींदरीण म्हणाली.

नाव घातलेलं होतं. 'वनराजांकडून सप्रेम'.

कलासमितीचा सचिव कोल्हा होता. तो म्हणाला, "हे बघायचं नसतं. अनुभवायचं असतं." त्यानंतर कुणी नीट बघितलंच नाही. फक्त हरिणी रोज यायच्या, कारण त्यात त्या बारीक दिसत. रानडुकरीणही एकदा आली. तिला चुकून दुसऱ्या बाजूला उभं केलं. ती पुन्हा आली नाही.

त्याच काठावर, वाळू आणि खड्यांमध्ये, टिटव्यांचं एक घर होतं. घर म्हणजे जमिनीतला एक खळगा. त्या घरात नुकतीच नवी सून आली होती. तिची पहिलीच चार अंडी खळग्यात होती. तिच्या नवऱ्याचं नाव भुजंगराव. पक्ष्याचं नाव भुजंग कसं, हे विचारायची नव्या सुनेला सोय नव्हती.

ती कमी बोलायची. नव्या सुनेला सगळं दिसतं, मुलांनो, कारण बोलायचं काम तिला कुणी दिलेलं नसतं.

तिला दिसलं ते असं. दुपार कलली की शिल्पाच्या खोलगट बाजूत ऊन साठायचं आणि समोरच्या जमिनीवर रुपयाएवढा लख्ख ठिपका पडायचा. ठिपका हळूहळू सरकायचा. ज्या गवतावरून जायचा, ते गवत धुरायचं. पहिल्या दिवशी तो अंड्यांच्या वीतभर अलीकडे आला, तेवढ्यात सूर्य डोंगराआड गेला. दुसऱ्या दिवशी चार बोटं राहिली.

टिटवी पाण्यात जाऊन पोटाची पिसं भिजवून आली आणि अंड्यांवर बसली. मग सासूला म्हणाली, "आई, ते तापतंय. उद्या अंड्यांवर येईल."

"हळू बोल," सासू म्हणाली. "एवढी मोठी वस्तू आपल्या दारासमोर आली. जावेच्या दारासमोर काय आहे? बाभळीचं खोड. आणि तू तक्रार करतेस?"

"मी बोलतो समितीशी," भुजंगराव म्हणाले. त्यांची छाती त्या दिवशी बरीच पुढे आलेली होती.

ते गेले. परत आले तेव्हा छातीला फीत लावलेली होती.

"हे काय हो?"

"मला समितीवर घेतलं. रसिक सदस्य."

"आणि अंड्यांचं?"

"बोललो ना. ते म्हणाले, शिल्प जागेशी एकरूप झालंय, ते हलवता येणार नाही."

"आपली अंडीही हलवता येत नाहीत."

"तेही बोललो. ते म्हणाले, अंड्यांचं उद्घाटन झालेलं नाही."

शिल्पाचं उद्घाटन दुसऱ्याच दिवशी होतं. दुपार कलताना.

समारंभाच्या अध्यक्षा होत्या म्हाळसाआत्या, जंगलातली सर्वात वयोवृद्ध म्हैस. त्या थेट चिखलातून उठून आल्या होत्या, कारण कोल्ह्याने भाषण लवकर आटपेल असं सांगितलं होतं. कोल्हा बोलला. मग सिंह बोलला. मग वानर तितकाच वेळ गप्प बसलं, आणि त्यालाच जास्त टाळ्या मिळाल्या. आत्यांच्या पाठीवर चिखल वाळू लागला. त्या एकदा डाव्या कुशीवर कलत, एकदा उजव्या. पण अध्यक्षांनी पाठ खाजवायची नसते.

इकडे ठिपका खळग्याच्या कडेला आला. टिटवी पंख पसरून अंड्यांवर उभी होती. पिसं करपल्याचा वास यायला लागला.

तिने धीर करून चोच उघडली, तोच एक हरिणी ओरडली, "अगबाई, नवी नवरी! उखाणा! नाव घे, नाव घे!"

सगळ्यांनी धरलं, "नाव घे, नाव घे!"

टिटवीला वाटलं, चला, बोलायला तर मिळालं. ती मोठ्याने म्हणाली,

"स्टीलच्या शिल्पावर पडलं दुपारचं ऊन,
भुजंगरावांचं नाव घेते, अंडी निघाली भाजून!"

टाळ्यांचा कडकडाट झाला.

"गोड आहे हो सून," सिंह म्हणाला.

"पुन्हा! पुन्हा!"

ती जीव तोडून ओरडली,

"उखाणा नाही हो हा, नका वाजवू टाळी,
भुजंगरावांच्या घरावर आली आगीची पाळी!"

"शीघ्रकवी आहे," कोल्हा डोळे पुसत म्हणाला. "विस्तवाची प्रतिमा बघा."

भुजंगरावही टाळ्या वाजवत होते. त्यांचं नाव दोनदा आलं होतं.

तेव्हा टिटवीने बोलणं सोडलं. ती उडाली आणि थेट अध्यक्षांच्या कानाशी जाऊन बसली.

"आत्या," ती हळूच म्हणाली, "पाठ फार खाजतेय ना?"

"कुणाला सांगू नकोस गं," आत्या दात आवळून म्हणाल्या. "जीव चाललाय."

"त्या शिल्पाची खोलगट बाजू आहे ना, तिची कड अगदी तुमच्या पाठीच्या मापाची आहे. आणि अध्यक्षांनी कलाकृतीजवळ गेलं तर कोण काय म्हणणार?"

आत्या उठल्या. संथपणे शिल्पाजवळ गेल्या, पाठ टेकवली आणि घासली. मग डोळे मिटून कूस आणि पोटही घासलं. वरून खाली, खालून वर. पाठीवरचा सुकला चिखल आणि पोटाखालचा ओला चिखल, सगळा त्या खोलगट चकाकीवर थापला गेला.

ठिपका विझला.

वानराचं तोंड उघडं राहिलं. सिंहाने कोल्ह्याकडे बघितलं. कोल्ह्याने आत्यांच्या शिंगांकडे बघितलं.

"हा," कोल्हा घसा साफ करत म्हणाला, "हा कलाकृतीचा दुसरा टप्पा आहे. पोलादाचं मातीशी मीलन."

"मला हेच म्हणायचं होतं," वानर म्हणालं. त्या दिवशीचं त्याचं हे पहिलंच वाक्य.

पुन्हा टाळ्या झाल्या. चिखल कुणी पुसू नये म्हणून दोन लांडगे पहाऱ्याला बसले. आत्यांना शाल मिळाली. ती त्यांना टोचत होती.

थोड्या दिवसांनी अंडी फुटली. तीन पिल्लं निघाली, लांब पायांची, निघाल्या निघाल्या पळणारी. चौथं अंडं फुटलं नाही. कडेला होतं. ठिपका त्याच्यापर्यंत पोचला होता.

कोल्ह्याने ते उचलून नेलं. टिटवीला विचारलं नाही. शिल्पाशेजारी एका दगडावर ते मांडलं, खाली पाटी लावली, 'प्रतीक्षा'.

टिटवी दुरून त्याच्याकडे बघत उभी राहिली. पिल्लं पायात घोटाळत होती. सासू मात्र आल्यागेल्या प्रत्येकाला थांबवून सांगत होती, "आमच्या घरचं आहे हो ते."

तात्पर्य : मुलांनो, संकटात नेहमी खरं आणि स्पष्ट बोलावं. त्याने टाळ्या मिळतात. अंडी वाचवायची असतील, तर मात्र कुणा थोराची पाठ कुठे खाजते आहे ते आधी बघून ठेवावं.