ब्याऐंशी किलोंची चूक

"काटा कधी खोटं बोलत नाही. बोलतो तो माणूस!"

काटेवाला हे दिवसातून चारदा ऐकवायचा. वीस वर्षं वजनकाटे दुरुस्त करत होता, त्यामुळे ऐकवायचा हक्कही होता. त्याच तोऱ्यात त्यानं घरात जाहीर केलं, "तीन महिन्यांत सहा किलो उतरवतो. बघत राहा!"

घरचे बघत राहिले. गडी रोज सकाळी पाच किलोमीटर चालला. साखर सोडली, तळलेलं सोडलं. दुरुस्तीला आलेल्या सोनाराच्या काट्यावर स्वतःचं जेवण तोलून घेऊ लागला. तीन महिन्यांनी वजनात बरोबर सहा किलोंचा फरक पडला. वाढलं!

"अहो, बाहेर काही तोंडात टाकता का?" बायकोनं विचारलं.

"देवाशपथ नाही!"

"मग काय हवा खाऊन फुगलात?" आणि त्या दिवसापासून खाऊच्या कपाटाची किल्ली तिच्या कमरेला गेली.

डॉक्टरांनी तर मान वर न करताच निकाल दिला, "तोंडावर ताबा ठेवा." थंडी वाजते, केस गळतात, बसल्या जागी डोळा लागतो, हे सगळं सांगायचं राहिलंच. तोवर पुढचा पेशंट आत आला होता. असल्या डॉक्टरांच्या गळ्यात वीस किलोचं वजन बांधून त्यांना चार जिने चढायला लावायला हवेत!

अंघोळीच्या वेळी काटेवाला गुपचूप पोट चाचपायचा. आत भलतंच काही वाढत नसेल ना? बायकोला हे बोलला नाही. तिचे टोमणे झेपायचे, तिचं रडणं झेपलं नसतं.

त्या सोमवारी कामाचे कपडे चढवून तो घरच्या काट्यावर उभा राहिला. ब्याऐंशी! त्यानं काटा खोलला, तपासला, बंद केला. पुन्हा ब्याऐंशी. चरफडत तो धान्याच्या गोदामावर गेला. तिथला जमिनीत बसवलेला मोठा काटा तपासायचा होता. स्टोअरवाल्या बाई आकडा वाचायला टेबलाशी बसल्या. रिकामा काटा शून्यावर होता. मग यानं वीस किलोचं एकेक वजन उचलून त्यावर ठेवायला सुरुवात केली. पंचवीस वजनं, म्हणजे पाचशे किलो. शेवटचं ठेवताना पायांतलं बळच गेलं. तो तिथंच, वजनांच्या ढिगावर, ओल्या पोत्यासारखा बसला.

"किती दाखवतोय, बाई?"

"पाचशे ब्याऐंशी!"

"अरे देवा! ब्याऐंशी किलो जास्त? काटा पार कामातून गेलाय! ते लाल बटण दाबा आणि पाचशेवर आणा."

बाईंनी आणला. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. यानं पेंगत पेंगत वजनं उतरवली, काट्याला सील ठोकलं आणि बाहेर गाडीत जाऊन जो आडवा झाला, तो थेट आरडाओरड्यानंच जागा झाला.

गोदामात रणकंदन! पन्नास किलोचं प्रत्येक पोतं त्रेचाळीस भरत होतं. मालकानं वॉचमनची कॉलर धरली होती. "पोत्यामागं सात किलो! कुणाला विकलंस? आजपासून तुझी नोकरी बंद!"

"साहेब, पोरांची शपथ, दाण्याला हात लावला नाही!" वॉचमन गयावया करत होता.

काटेवाला दारातच थबकला. खाल्लं नाही म्हणून शपथा घेणारा आणखी एक! आणि मग डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ब्याऐंशी. सकाळचाच आकडा! गप्प बसलं तर वीस वर्षांचं नाव शाबूत होतं. समोर वॉचमनची कॉलर अजून मालकाच्या मुठीत होती.

"सोडा त्याला!" तो ओरडला. "चोर काट्यावर बसला होता. मी!"

त्यानं सील तोडलं, वजनं ठेवून काटा पुन्हा जुळवला आणि सगळ्यांसमोर स्वतः वर चढला. ब्याऐंशी! गोदाम खो खो हसलं. मालकानं हात जोडले, "उद्यापासून दुसरा काटेवाला बघतो."

बाई मात्र हसल्या नाहीत. "ऐका हो, काटेवाले. एवढ्या उकाड्यात तुम्ही स्वेटर घालून आलात. वजनं उतरवतानाही पेंगत होतात. माझ्या बहिणीचं अगदी असंच झालं होतं. थायरॉइड तपासा."

तपासलं. तेच निघालं! रिपोर्ट बघून डॉक्टर म्हणतात कसे, "आधी सांगायचं नाही का!"

बायकोनं रिपोर्ट दोनदा वाचला. कमरेची किल्ली काढून त्याच्या हातात ठेवली आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाचच भांडी आपटत राहिली.

गोळी सुरू झाली. दोन महिन्यांनी अंगात जरा जीव आला. एका सकाळी तो भीत भीत काट्यावर चढला. एकोणऐंशी!

दहा मिनिटांनी बायको आली, तर काटेवाला जमिनीवर फतकल मारून बसलेला. समोर काट्याचे अकरा तुकडे.

"अहो, आता काय झालं?"

"तीन किलो कमी दाखवतोय," तो कपाळावरचा घाम पुसत म्हणाला. "बिघडला वाटतं!"