गल्लीची लाइन, आमची मोरी

ग्रामपंचायतीची नोटीस आली, तेव्हा गल्लीतल्या बाकीच्यांनी तिच्यावर फुटाणे ठेवून खाल्ले. मी मात्र ती दोनदा वाचली आणि ताबडतोब अंमलबजावणी करायचं ठरवलं. (एकवीस वर्षं शाळेत क्लार्क आहे. सरकारी कागद दिसला की मान आपोआप हलते.)

नोटीस अशी : घरातलं सांडपाणी यापुढं उघड्या नालीत सोडायचं नाही. पंधरा दिवसांत भूमिगत गटाराच्या लाइनला जोडायचं. नाहीतर कसलाच दाखला मिळणार नाही. आणि आमच्या पायलची नर्सिंगची अ‍ॅडमिशन नेमकी रहिवासी दाखल्यावर अडली होती.

"जरा थांबा," बायको, म्हणजे साधना, म्हणाली. "आपलं घर खाली, रस्ता वर. पाणी वर चढत असतं का?"

दर निवडणुकीला आमच्या गल्लीत सिमेंटचा एक थर पडतो. लग्नानंतर आम्ही तीन पायऱ्या चढून घरात आल्तो. आता दोन उतरून येतो.

"इंजिनिअरनं लेव्हल काढली असंल ना!"

"तो गाडीतून उतरला तरी होता का?"

मी नोटीस घडी घालून खिशात ठेवली आणि मिस्त्रीला बोलावलं.

मिस्त्री सूरजनं पाइप टाकताना विचारलं, "काका, उतार उलटा होऊन राह्यला. टाकू?"

"नोटिशीत उताराचं काही न्हाई. टाक."

सोमवारी दाखला मिळाला. पुढच्या दोन दिवसांत गल्लीतली उरलेली अकरा घरंही घाबरून जोडली गेली. गुरुवारी सकाळी मी आंघोळीला गेलो, तर मोरीच्या जाळीतून गुडगुड आवाज. मग फेस. लिंबाच्या साबणाचा. आमच्याकडे चंदनाचा वापरतात.

"केशरबाईंची आंघोळ झाली," साधनानं दारातूनच निदान केलं. केशरबाई आमच्या शेजारीण. वय सत्तर, आवाज पस्तिशीचा.

त्या दिवसापासून गल्लीचा संसार आमच्या मोरीत मांडला गेला. कुणाकडं पाहुणे आले, कुणाचा चहा उतू गेला, सगळं समजायचं.

"समोरच्या भारतकडं आज मटण दिसतंय."

"अगं, त्यानं माळ घातलीय!"

"मोरी खोटं बोलत न्हाई."

मी रोज सकाळ-संध्याकाळ चाळीस बादल्या उपसून उघड्या नालीत ओतत होतो. म्हणजे नोटिशीनं जे करायला मनाई केली होती, नेमकं तेच. फक्त आता बारा घरांचं, आणि हातानं.

चौथ्या दिवशी कंबर गेली. मी पाइपात जुनं पोतं कोंबलं आणि वर पाटा ठेवला. काय शांतता! मी पेपर उघडला. अर्ध्या तासात केशरबाई आल्या. घरात न्हाई, सरळ मोरीत.

"भागवता, बूच मारलंस?"

"न्हाई... म्हणजे थोडंसं."

"तुझं थोडंसं माझ्या देवघरापोतर आलंय!"

त्यांनी पाटा सरकवला, पोतं उपसून माझ्या हातात दिलं. गुडगुड, गुडगुड. पाणी परत आमच्याकडं आलं. "आता बराबर," म्हणाल्या आणि गेल्या.

मी तडक पंचायतीत गेलो. ग्रामसेवक सर्जेराव चहा पीत होते.

"साहेब, ही लाइन पुढं जाती कुठं?"

"टाकीत."

"टाकी कुठंय?"

"मंजूर आहे."

"बांधली का?"

"पुढच्या टप्प्यात."

"मंग तवर पाणी कुठं जाणार?"

सर्जेरावांनी बशी खाली ठेवली आणि माझ्याकडं फार मायेनं पाहिलं.

"मी पाइप तोडून टाकतो!"

"तोडा की. दाखला रद्द करायला कितीसा वेळ लागतो?"

मी घरी येऊन बादली उचलली.

महिनाभरानं तालुक्याहून साहेब तपासणीला आले. सर्जेरावांनी त्यांना सगळ्यात आधी आमच्याच घरी आणलं. मोरीतून पाणी उसळत होतं. मी तोंड उघडणार, एवढ्यात साहेब खुश होऊन म्हणाले, "वा! लाइन बिलकुल चालू आहे." फोटो घेतला. मी घोटाभर पाण्यात उभा राहून हसलो. (कॅमेरा दिसला की हसायचं, हे वळण लहानपणापासून.)

मला वाटलं, आता तरी काही हालचाल होईल. झाली. आठ दिवसांत टपालानं पत्र आलं. मी ते मोठ्यानं वाचलं :

'गल्लीतील अकरा घरांचे सांडपाणी विनापरवानगी आपल्या राहत्या घरात साठवल्याबद्दल आपणावर कारवाई का करू नये, याचा खुलासा सात दिवसांत करावा. सोबत फोटो जोडला असून त्यात आपण हसताना दिसत आहात.'

मी रागानं पत्राचा बोळा करायला घेतला. साधनानं पत्र काढून घेतलं, उजेडात धरून नीट वाचलं आणि पायलला हाक मारली.

"हे जपून ठेव गं. तुझ्या पप्पांनी कधी काही साठवलं, असं पहिल्यांदाच कुणी लिहून दिलंय."