एकमताने मंजूर झालेला ड्रॅगन

भाद्रपद शुद्ध पंचमीस, रविवारी सायंकाळी, धुळे शहराच्या पाचव्या गल्लीतील सुविचार वाचक मंडळाच्या माडीवर, तेजस गिरधर पाटील यांच्या 'सातपुड्याचा अग्निनाग' या कादंबरीवर वाचकांची चर्चासभा भरली. मंडळाचा नियम असा की, एकाही सभासदाची हरकत उरली नाही, तरच पुस्तक काचेच्या कपाटात जाते. आजवर त्या कपाटात पोहोचलेली पुस्तके बहुतांशी लोणच्यांवरची होती.

तेजसच्या दृष्टीने मात्र या कपाटाला विलक्षण महत्त्व होते. पारोळ्यास त्याच्या वडिलांचे, गिरधर आबांचे, बी-बियाण्यांचे दुकान होते आणि आबांनी त्याला निक्षून सांगितले होते, "मंडळनी पास करं तं लिख दुसरा भाग. नही करं तं सोमवारपाईन दुकानमा बठ." निकाल ऐकण्यासाठी ते जातीने आले होते आणि शेवटच्या रांगेत, छत्री गुडघ्यांत धरून, बसले होते.

खरी धास्ती होती ती अध्यक्ष पारसमल शेठजींची. पारसमलजी एका कवितासंग्रहातील कोऱ्या जागेवरून कवीशी दिवेलागणीपर्यंत भांडले होते. म्हणून तेजसने तारीख मोठ्या चातुर्याने निवडली होती. काल संवत्सरी झाली. समस्त जीवांची क्षमा मागितलेला माणूस दुसऱ्याच दिवशी भांडण उकरून काढणार नाही, असा त्याचा अंदाज होता. अंदाज तंतोतंत खरा ठरला. पारसमलजी भांडले नाहीत. त्यांनी हात जोडले.

"तेजसभाऊ, मिच्छामि दुक्कडम्. काल सगळ्या जीवांची माफी मागितली, आज सकाळी पारणं केलं अन् तुमची कादंबरी उघडली. पहिल्याच पानावर तुमचा ड्रॅगन अख्खा शेळ्यांचा कळप खातो!"

"त्याला भूक लागलेली असते, शेठजी."

"भूक तर मलाही होती. आठ दिवस उपास होता. मी कोणाला खाल्लं का?"

भांडणाऱ्या पारसमलजींसाठी तेजसने चोख उत्तरे पाठ केली होती. समोर होते ते हात जोडलेले, आठ दिवसांच्या उपासाने गाल बसलेले पारसमलजी. त्याने आबांकडे पाहिले, कपाटाकडे पाहिले, आणि तो म्हणाला, "बरं. पुढच्या आवृत्तीत तो पाला खाईल."

"कंदमूळ नको हं. जमिनीखालचं काही उकरायचं नाही."

"नाही उकरणार."

सभेत समाधानाची कुजबुज झाली. हात जोडल्याने काय साधते, हे आता सर्वांच्या ध्यानात आले होते. जामनेरकडच्या धुरपदाबाई, ज्यांची स्वतःची केळीची बाग होती आणि त्या दिवशी ज्यांचा ऋषिपंचमीचा उपासही होता, पदर सावरून उभ्या राहिल्या.

"पाला कशाचा खाईल रे?"

"केळीचा... चालेल ना, अक्का?"

"माझ्याच जिवावर उठला का? आधीच सातव्या प्रकरणात त्यानं फुंकर मारून निसवलेली बाग जाळली. घड लटकलेले होते, घड! पंचनाम्याला कोण आलं? पुस्तकात तलाठ्याचं नावसुद्धा नाही!"

"अक्का, ते राजेमहाराजांचं युग आहे. तलाठी नव्हता."

"मग बाग कोणाच्या नावावर होती?"

या प्रश्नावर पारसमलजींनीही मान डोलावली. धुरपदाबाईंनी हात जोडले. "बापा, उपाशीपोटी सांगते, त्याचा जाळ बंद कर."

जाळ बंद झाला. ड्रॅगनला कडबा ठरला.

त्यानंतर लोटन नाना उठले. नानांचे सारे आयुष्य विजेच्या तारा जोडण्यात गेले होते. "एवढा पंखांचा पसारा घेऊन तो गावावरून उडतो. तारेला पंख लागला, तर आठ गावं अंधारात!"

"नाना, कादंबरीत वीजच नाही!"

"वाचणाऱ्याच्या घरी आहे ना?" नानांनी हात अर्धेच जोडले होते, तेजसने ते पूर्ण होऊ दिले नाहीत. पंख गेले.

उरल्या शिरपूरच्या ललिता पावरा. त्या बँकेत अधिकारी होत्या. आदिवासी जीवनाविषयीची हरकत त्यांच्याकडूनच येणार, या जाणिवेने सारी सभा त्यांच्याकडे अतिशय सहानुभूतीने पाहू लागली.

"असं बघू नका हो," त्या म्हणाल्या. "तेजसभाऊ, तुमच्या कादंबरीतले पावरा एक तर बासरी वाजवतात, नाही तर झाडाशी बोलतात. एकाचंही पोट दुखत नाही. एकालाही बायको रागावत नाही. आणि डोंगर आमचा, ड्रॅगन आमचा, मग त्याला माणसाळवायला उज्जैनचा राजपुत्र कशाला?"

हा आक्षेप तेजसला मनापासून पटला; परंतु पटण्याचा आणि मान्य करण्याचा संबंध तोवर तुटलेला होता. "राजपुत्र काढतो. पोटदुखी घालतो."

"इतक्या लवकर? मी अजून हातही जोडले नाहीत." ललिताताईंनी जरा विचार केला. "म्हणजे आता कडबा खाणारं, न जाळणारं, न उडणारं, मुळातच गरीब स्वभावाचं जनावर उरलं. आमच्या पाड्यावर अशी पुष्कळ आहेत. दूध चांगलं देतात."

"दुधाला आपली हरकत नाही," पारसमलजी तत्परतेने म्हणाले.

कोणाचीच हरकत उरली नाही. कादंबरी एकमताने मंजूर झाली, आणि नवी आवृत्ती निघेपर्यंत कपाटात लोणच्यांशेजारी तिच्यासाठी जागा राखून ठेवण्यात आली. टाळ्या चालू असतानाच तेजस धावत शेवटच्या रांगेपाशी पोहोचला.

"आबा, पास झालो! एकमतानं! आता दुसरा भाग—"

"देखं मी बठ्ठं," सारी सभा पाहिलेले आबा शांतपणे म्हणाले. "माले तो बकऱ्या खानारा आवडेल व्हता."

आबांनी कादंबरी वाचली होती, हे तेजसला त्या क्षणी प्रथमच समजले. तो काही बोलणार, तोच पारसमलजी पेढ्यांचे ताट घेऊन आले आणि त्यांनी आबांपुढे हात जोडले. "गिरधर आबा, सगळे राजी होऊन घरी चालले. असा लेखक आम्ही पाहिला नाही. तुम्हाला कसा वाटला?"

आबांनी जाणाऱ्या मंडळींकडे पाहिले. ज्याने जे मागितले, ते त्याला मिळाले होते; एकही माणूस रिकाम्या हाती परत जात नव्हता. मग त्यांनी छत्री उचलली.

"पोऱ्या दुकाननाच शे."