खाऱ्या पाण्यातली चिलापी

रविवार, १२ ऑक्टोबर. ऊन कडक, वारा अजिबात नाही, घोटावड्याच्या रस्त्याला धूळ.

अशा दिवशी शहाण्या माणसाने सासरच्या मंडळींबरोबर साडूच्या शेतावर जेवायला जाऊ नये. रत्नदीप गेला. जेवण उत्तम होतं. घात झाला तो जेवणानंतर.

साडू म्हणजे जयसिंग, रत्नदीपच्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. त्याने भातखाचराशेजारी शेततळं खोदलं होतं. त्यात रोहू होते, कटला होते आणि न बोलावता आलेल्या चिलापी होत्या. (चिलापीला आमंत्रण लागत नाही. मुळशीत जिथे ओंजळभर पाणी साठतं तिथे ती असतेच.) काठावर प्लास्टिकच्या खुर्चीत सासरे दामूआबा बसले होते. त्यांनी मूठभर भुसा पाण्यावर फेकला, तसे मासे एकमेकांच्या पाठीवर चढत वर आले. आबांनी बराच वेळ पाहिलं, मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "जयसिंगराव, झकास."

रत्नदीपच्या हातातला विडा हातातच राहिला.

दामूआबा शब्दांच्या बाबतीत हात आखडता घेणारे. रत्नदीपने लग्नापासून त्यांना काय दिलं नव्हतं? ब्लड प्रेशरचं मशीन दिलं, गुडघ्यांसाठी मसाजर दिला, पाय वर करून पडता येईल अशी खुर्ची दिली. दर वेळी पावती एकच, "बरं हाय." (मसाजरच्या वेळी तेही नाही. तेव्हा म्हणाले, "बंद करा.") आणि इथे एका माणसाने खड्ड्यात पाणी साठवलं तर झकास.

"मीपण मासे ठेवणार आहे," रत्नदीप म्हणाला. कोणी विचारलं नव्हतं.

"कुटं? नवव्या मजल्यावर?" जयसिंगने विचारलं.

"हॉलमध्ये. समुद्रातले."

हे वाक्य तोंडातून बाहेर पडेपर्यंत त्यालाही ठाऊक नव्हतं.

रत्नदीप लवळ्याच्या एका कॉलेजात केमिस्ट्रीचा लॅब असिस्टंट. कुठलंही काम हाती घेतलं की ते थेंबाथेंबाने, मोजून, लेबल लावून करायची सवय. मत्सरही त्याने तसाच केला. महिनाभर वाचलं. नवव्या मजल्याच्या स्लॅबला एवढं वजन पेलेल का, हे बिल्डरच्या इंजिनियरला तीनदा विचारलं. मग महाळुंग्याच्या त्या फ्लॅटमध्ये पाच फुटी काचेची टाकी आली आणि टीव्ही बेडरूममध्ये गेला. पाण्यातली घाण काढणारं यंत्र आलं, दिवे आले, दगड आले, आणि पोत्याने मीठ आलं.

"अहो," प्राजक्ता, म्हणजे त्याची बायको, पोत्याकडे बघत म्हणाली, "सोसायटीत प्यायचं पाणी टँकरने येतं. जगात लोक खारं पाणी गोडं करायच्या मागे आहेत. तुम्ही गोडं विकत घेऊन खारं करताय."

"प्राजू, हे साधं मीठ नाही."

"हो, त्याच्या किमतीवरून वाटलंच."

दुकानदार म्हणाला होता, आजच सहा मासे घेऊन जा. रत्नदीपने मान हलवली. नव्या पाण्यात माशांची घाण पचवणारे जिवाणू तयार व्हायला काही आठवडे लागतात. त्याआधी मासे सोडणं म्हणजे पाहुण्यांना धुराने भरलेल्या खोलीत बसवणं. शिवाय समुद्रातून ओरबाडून आणलेले मासे त्याला नको होते, टाकीतच जन्मलेले हवे होते. थोडक्यात, सगळं रीतसर होतं. फक्त टाकीत मासे नव्हते.

आणि नेमकी तेव्हाच मंडळी टाकी बघायला आली. दामूआबा, सासूबाई गोजराबाई आणि त्यांना गाडीतून घेऊन आलेला जयसिंग. जयभीम झाला, चहा झाला, तिघं सोफ्यावर ओळीने बसली. समोर पाच फूट स्वच्छ निळं पाणी आणि चार दगड.

"मासं कुटं गेलं?" गोजराबाईंनी विचारलं.

"अजून आणले नाहीत, आई. आधी पाणी पिकू द्यावं लागतं."

"पाणी पिकाया लागतंय?"

"आमी भात पिकवतो, मामी," जयसिंग म्हणाला. "शहरात पाणी पिकवत्यात."

"म्हणजे त्यात जिवाणू वाढवतोय," रत्नदीपने घाईने खुलासा केला. "बॅक्टेरिया."

गोजराबाईंनी चहाचा कप टाकीपासून लांब सरकवला.

दामूआबा गुडघ्यांवर हात ठेवून पाण्याकडे बघत होते. रत्नदीप त्यांच्या तोंडाकडे बघत होता. शेवटी आबा म्हणाले, "दगड बरा हाय."

पुढच्या आठवड्यात आबा एकटेच एसटीने आले. हातात झाकणाला भोकं पाडलेला तेलाचा डबा. डब्यात पाणी, पाण्यात तळहाताएवढी चिलापी.

"जयसिंगरावांच्या तळ्यातली. लेकीच्या घरात रिकामी टाकी बघवंना," आबा म्हणाले. "रातभर डोळा लागला न्हाई."

ही गोड्या पाण्यातली आहे, खाऱ्यात टाकली तर संध्याकाळपर्यंत मरून उलटी तरंगेल, हे रत्नदीपच्या ओठांवर आलं होतं. पण एसटीत डबा मांडीवर घेऊन आलेल्या सासऱ्याला ते सांगायचं कसं?

"दोन-तीन आठवडे बादलीत ठेवू, आबा. पाण्याची सवय होऊ दे."

"व्हय. सुनंला बी सासरी येळ लागतोय," आबा म्हणाले आणि जेवून परत गेले.

चिलापी बाल्कनीतल्या बादलीत राहिली. परत तळ्यात नेऊन सोडावी, तर जयसिंग म्हणणार, साडूभाऊंना एक मासा जपता आला न्हाई. नदीत सोडावी, तर परका मासा नदीत सोडणाऱ्यांवर रत्नदीपने सोसायटीच्या ग्रुपवर स्वतःच लांबलचक मेसेज टाकला होता. मग त्याने वाचलं, की चिलापी हळूहळू खाऱ्या पाण्याला सरावू शकते. हळूहळू. हा शब्द त्याच्या आवडीचा.

खरं सांगायचं, तर तिने सरावावं असं त्याला मनापासून वाटत नव्हतं. ती जयसिंगची होती. तिने आपल्या मरणाने मरावं, आपण आबांना हळहळत फोन करावा आणि विषय संपावा, असं एक मन म्हणत होतं. पण हाताला वाईट काम करायची सवय नव्हती. रोज संध्याकाळी कॉलेजातून आला की तो बादलीतलं एक मग पाणी काढी, एक मग खारं पाणी ओती, खारटपणा मोजी, हवेची नळी तपासी.

"लोणचं घालताय का?" प्राजक्ताने विचारलं.

"तिला त्रास होऊ नये म्हणून चाललंय."

"तिला बघून तुमचा चेहरा कसा होतो, आरशात बघा एकदा."

चिलापी मेली नाही. उलट अंगाने भरली.

दरम्यान टाकीतलं पाणी पिकलं. शेवाळ खाणारे पाच शंख आले आणि त्यांच्यामागून दोन क्लाऊन मासे, बोटाएवढे, भगव्या अंगावर पांढरे पट्टे, टाकीतच जन्मलेले. रत्नदीप त्यांच्यासमोर स्टूल घेऊन बसू लागला. आता आबा काय म्हणतात ते बघू.

आबांचा फोन आला. "पाव्हणं, रविवारी येतो. आपली चिलापी बघाया."

क्लाऊन माशांची चौकशीही नाही.

रत्नदीपने हिशेब केला. चिलापी दोन तास टाकीत ठेवायची, आबांना दाखवायची, मंडळी लिफ्टमध्ये शिरली की जाळीने काढायची. दोन तासांत काय होणार? रविवारी मंडळी यायच्या जरा आधी त्याने तिला टाकीत सोडलं. तिने एक चक्कर मारली, सगळ्यात मोठ्या दगडाखालची वाळू तोंडाने उपसली आणि तिथे घर केलं. क्लाऊन मासे वरच्या कोपऱ्यात गेले ते खाली आलेच नाहीत.

थोड्याच वेळात आबा आणि गोजराबाई आले. आबा काचेजवळ गेले. तळ्याकाठी माणूस दिसला की भुसा मिळतो, हे चिलापी खारटपणातही विसरली नव्हती. ती थेट काचेशी आली आणि आबांसमोर तोंड उघडमीट करू लागली.

"वळखलं," आबा हळूच म्हणाले.

"ती वर भगवी बारकी काय हायेत?" गोजराबाईंनी विचारलं.

"क्लाऊन फिश, आई. तेच तर खरे मासे."

"चिलापीला खायाला आणल्यात व्हय?"

प्राजक्ता चहा आणायला आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

आबा मात्र काचेसमोरून हलले नाहीत. मिशीवरून हात फिरवला.

"झकास," आबा म्हणाले.

रत्नदीपला वाटलं, टाकीचे दिवे जरा जास्तच उजळले. दिलं ते सगळं पावलं, मसाजरसुद्धा. तेवढ्यात आबांनी खिशातून मोबाईल काढला, नंबर लावला आणि नवव्या मजल्यावरून घोटावड्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात बोलू लागले.

"जयसिंगराव, तुमची चिलापी झकास हाय. लई काटक जात. पाव्हण्यांनी पाण्यात मीठ घातलंय, तरी जगली बघा." मग फोन कानाशी धरून रत्नदीपकडे वळले. "जयसिंगराव म्हणत्यात, आनखी दोन देऊ का?"

लिफ्टच्या दाराशी आबा म्हणाले, "आता दर रविवारी चक्कर मारीन."

दार बंद झालं. प्राजक्ताने जाळी आणून रत्नदीपच्या हातात दिली. "दोन तास झाले. काढा चिलापी."

रत्नदीपने टाकीकडे पाहिलं. एका क्लाऊन माशाचं शेपूट कुरतडलेलं होतं. वाळूत एका शंखाचं रिकामं कवच पडलं होतं. चिलापी काचेशी येऊन कोणाची तरी वाट बघत होती.

"आबा दर रविवारी येणार आहेत," तो म्हणाला.

"मग?"

रत्नदीपने जाळी टाकीच्या वरच्या कोपऱ्यात घातली.

रविवार, १८ जानेवारी. सकाळी थंडी, आकाश स्वच्छ. टाकीतल्या पाण्याचा खारटपणा पस्तीस, तापमान सव्वीस. क्लाऊन मासे दोन, दुकानात परत. शंख शून्य. चिलापी तीन.